वाढत्या अंगाचे

आमच्या लहानपणी दिवाळीला नवा सदरा मिळे, पण तो कधी मापाचा नसे. शिंपी गळ्यात टेप अडकवून ओसरीवर बसला, की आई माजघरातून सांगायची, "वाढत्या अंगाचा शिवा हो!" मग तो बिचारा छाती, पाठ, बाही अशी सगळी मापे नीट घेई, वहीत लिही आणि शिवताना प्रत्येकात दोन-दोन बोटे मिळवी. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून तो सदरा अंगात घातला, की फराळाच्या ताटात आधी बाही उतरे आणि मग हात. अंग वाढे, नाही असे नाही. पण ते सदऱ्याच्या मापाला येईतो सदरा विटून गेलेला असे आणि कोपरावर ठिगळ आलेले असे. अगदी अंगाबरोबर बसणारा नवा सदरा मी पहिल्यांदा घातला तो माझ्या लग्नात, आणि तोही सासऱ्यांनी शिवून घेतला होता म्हणून!

आईला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. चार मुलांच्या घरात वर्षाला एकच सदरा परवडत असे. तिचा हिशेब तिच्यापुरता बरोबर होता. पण वाचकहो, लहानपणी अंगावर घातलेले कपडे टाकून देता येतात, लहानपणी अंगी लागलेले हिशेब टाकता येत नाहीत. 'वाढत्या अंगाचे' हा मंत्र मी पुढे माझ्या धंद्यात नेला. धंदा माझा पंपांचा. १९७४ साली सांगलीकडच्या एका कारखान्यात उमेदवार म्हणून शिरलो आणि पस्तीस-छत्तीस वर्षे कृष्णाकाठच्या मळ्यांमधून पंप बसवीत हिंडलो. विहिरीची खोली मोजायची, पाइपाची लांबी मोजायची, किती एकर ऊस, किती एकर हळद हे विचारायचे, हिशेब करायचा, आणि जो आकडा येईल त्याच्या वरचा पंप लिहून द्यायचा. तीनचा आला तर पाच, पाचचा आला तर साडेसात. "असू द्या एक नंबर मोठा," हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही.

त्यातला एक पंप मात्र माझ्या ध्यानात राहून गेला आहे. १९८३ सालची गोष्ट. मिरजेच्या पूर्वेला एका शेतकऱ्याची विहीर होती. सगळा गाव त्यांना अण्णा म्हणे, म्हणून मीही अण्णाच म्हणायचो. हिशेबाने त्यांना पाच अश्वशक्तीचा पंप पुरत होता. मी साडेसातचा बसवून दिला. महिन्याभराने सहज त्या वाटेने गेलो, तर पंप धडधडत चाललेला आणि पाइपावरचा व्हॉल्व्ह निम्मा मिटलेला. मी विचारले तेव्हा अण्णा म्हणाले, "सगळा उघडला की हिरीचं पाणी तासाभरात तळाला जातंय, आन् पंप वारा वढाय लागतोय. म्हून निम्मा मिटलाय." मग जरा थांबून, अगदी गरीब स्वरात ते म्हणाले, "पर सायेब, निम्मा मिटूनच ठिवायचा, तर येवढा मोठा घ्यायचा कशाला?"

त्या काळी आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी शेतीपंपाच्या विजेची आकारणी मीटरवर नसे, पंपाच्या अश्वशक्तीवर असे. म्हणजे व्हॉल्व्ह मिटला तरी साडेसाताचे पैसे अण्णांना भरावे लागणार होतेच. हे मला ठाऊक होते. तरीही मी हसून म्हणालो, "असू द्या अण्णा, उद्या बागायत वाढली म्हणजे कामाला येईल." त्यांनी मान डोलावली. मला उसाचा ताजा रस पाजला. मी मोटरसायकलला किक मारली आणि तो प्रश्न तिथेच बांधावर टाकून निघून आलो.

तो प्रश्न पुढे चाळीस वर्षांनी मला गाठील, आणि गाठील तो स्वीडनमधल्या एका तळघरात, असे कुणी सांगितले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते.

माझी लेक स्वीडनमध्ये उप्साला या गावी असते. मी तिला अभियांत्रिकीला घातली होती, अर्थात तीही वाढत्या अंगाची म्हणूनच. दहावीत असताना तिच्यापुढे मी बारावीची पुस्तके ठेवीत असे. दोन वर्षे तिने कळ काढली आणि मग एके दिवशी सगळे सोडून ती भाषाशास्त्राकडे गेली. त्यावर आमच्या घरात वर्षभर अबोला होता. तो सुटला, पण फोनवरचे आमचे बोलणे मात्र पुढे पुष्कळ वर्षे असेच चालले : मी प्रश्नांचा मारा करायचा आणि तिने 'हो', 'नाही', 'बघू' एवढ्यावर भागवायचे. तिची आई गेल्यावर तिने मला हट्टाने हिवाळ्यातच बोलावले. "बाबा, बर्फ बघायला या," म्हणाली. २०२३ च्या डिसेंबरात मी तिथे पोचलो. सूर्य नऊच्या सुमारास उगवायचा आणि दुपारी तीनच्या आत मावळायचा. उरलेला वेळ घरात बसून काढायचा, आणि घर मात्र आपल्या मार्गशीर्षातल्या दुपारसारखे उबदार!

"ही ऊब येते कुठून?" हा माझा पहिला प्रश्न. आणि इथे, पुष्कळ वर्षांनी, माझ्या प्रश्नाला लेकीने 'बघू'पेक्षा लांब उत्तर दिले. तिच्या सोसायटीत चोवीस घरे आहेत. आपल्याकडच्यासारखीच कमिटी, आपल्याकडच्यासारखेच हेवेदावे, आणि खजिनदार माझी लेक. सोसायटीच्या आवारात जमिनीत नऊ भोके पाडलेली आहेत, प्रत्येक दोनशे मीटर खोल, थेट काळ्या खडकात. त्या प्रत्येक भोकातून एक नळी खाली जाते आणि तळाशी वळून वर येते. नळीत पाणी, आणि ते गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल मिसळलेले. वर हवा उणे पंधरा असो की उणे वीस, एवढ्या खोलीवरचा खडक बारा महिने सहासात अंशांवर असतो. उणे एक अंशाचे पाणी खाली सोडले, की ते दोन अंशांचे होऊन परत येते. तेवढी तीन अंशांची ऊब तळघरातले यंत्र त्यातून काढून घेते, तिला दाबून-दाबून पन्नास अंशांपर्यंत चढवते आणि चोवीस घरांना वाटते.

दोन अंशांच्या पाण्यातून ऊब काढायची, हे ऐकून तुम्ही हसाल. मीही हसलो. पण तुमच्या स्वयंपाकघरातला फ्रिज दुसरे काय करतो? दुधातली, भाजीतली ऊब काढून तो ती पाठीमागच्या जाळीवाटे बाहेर टाकतो. जाळीला हात लावून पाहा. हे यंत्र म्हणजे उलटा बसवलेला फ्रिज. भूमातेला फ्रिजमध्ये ठेवायचे आणि आपण जाळीकडे पाठ करून शेकत बसायचे. ही कल्पना लॉर्ड केल्व्हिनने १८५२ सालीच मांडली होती, आणि जमिनीतून ऊब घेण्याचे पेटंट हाइनरिख झोएली नावाच्या स्विस गृहस्थाने १९१२ साली काढले. यातली गोड गोष्ट अशी की विजेचे एक युनिट खर्चले तर उबेची तीन-साडेतीन युनिटे पदरात पडतात. वरची दोन-अडीच युनिटे जमिनीचे देणे.

"पण आमचा हिशेब जुळत नाही," लेक म्हणाली. "सांगितलं होतं तेवढी वीज वाचत नाही. कमिटीत सगळे माझ्याकडे बघतात. तुम्ही पंपवाले ना? खाली एक पंप आहे, जरा बघता का?"

तिने मला आपण होऊन काही विचारले, यालाच मुळी पंधरा वर्षे झाली असतील. मी स्वेटर, कोट, कानटोपी अशा सगळ्या सरंजामानिशी तळघरात उतरलो.

तळघर आपल्या देवघरासारखे स्वच्छ होते. एका बाजूला दोन कपाटाएवढी यंत्रे, आणि कोपऱ्यात तो : चार किलोवॅटचा पंप. धंद्यातल्या माणसाला पंप आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. त्या पंपाच्या आवाजात एक कुरकूर होती. चाळीस वर्षे ऐकलेली, ओळखीची. नजर वर गेली. पाइपावर लोखंडी चाकाचा व्हॉल्व्ह होता. मी चाकावर हात ठेवला आणि अंदाज घेतला. व्हॉल्व्ह निम्मा मिटलेला होता.

खोटे कशाला सांगू, क्षणभर मला उसाच्या रसाचा वास आला.

निम्मा मिटलेला व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे घरातल्या बायकामंडळींनाही कळेल अशा भाषेत सांगतो. बैलाला एका हाताने चाबूक मारायचा आणि दुसऱ्या हाताने कासरा ओढून धरायचा. गाडी हवी तेवढीच चालते. पण बैलाचा घाम निघतो, कासऱ्याला पीळ पडतो आणि चाबकाचा खर्च वेगळा. सोसायटीचा हा बैल दिवसरात्र, उन्हाळा-हिवाळा, वर्षाचे आठ हजार सातशे साठ तास असा चालला होता. मीटर लावून पाहिले, तर तो ३.२ किलोवॅट वीज खात होता, म्हणजे दिवसाला सत्त्याहत्तर युनिटे.

एवढा मोठा पंप इथे आणला कुणी? याचे उत्तर शोधायला मला कागद चाळावे लागले नाहीत. ज्याने आराखडा केला त्याने थोडे जास्त धरले. ज्याने पंप निवडला त्याने त्यावर थोडे चढवले. ज्याने विकला त्याने 'असू द्या एक नंबर मोठा' म्हटले असणार, स्वीडिश भाषेत. प्रत्येकाने सदऱ्यात आपापली दोन बोटे मिळवली. आणि शेवटी ज्याने बसवला, त्याने पाणी फार धावते असे पाहून व्हॉल्व्ह मिटला आणि तो घरी गेला. त्या चौघांतल्या कुणालाही मी नावे ठेवू शकत नाही. त्या चारही जागी मी स्वतः उभा राहिलेलो आहे.

पण माझ्या अज्ञानाची खरी गंमत पुढेच आहे. मी लेकीला म्हणालो, "पंप मोठा आहे खरा, पण दोनशे मीटर खोलीवरून पाणी वर चढवायचं म्हणजे जोर तर लागणारच." विहिरीवरच्या माणसाचे हे बोलणे. माझ्या सगळ्या आयुष्यात पाणी खाली असे आणि शेत वर. तिथेच बोलता-बोलता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि मी जिन्याच्या पायरीवर मटकन बसलो. इथे पाणी चढवायचे कुठे आहे? ते फक्त फिरवायचे आहे! एका दोराच्या दोन टोकांना दोन भरलेल्या घागरी बांधून दोर कप्पीवर टाकला, तर खाली जाणारी घागर वर येणारीला ओढते. बोटाने ढकलले तरी दोर फिरतो. दोनशे मीटर खाली जाणारे पाणी दोनशे मीटर वर येणाऱ्या पाण्याला असेच तोलून धरते. पंपाला झगडायचे ते केवळ नळीच्या घर्षणाशी. खोलीचे वजन त्याच्या डोक्यावर नाहीच. ज्या गोष्टीचे मला भय होते ती गोष्ट तिथे नव्हती, आणि त्या भयापोटी एवढा मोठा पंप मात्र तिथे बसला होता. संसारातही असे पुष्कळ पंप बसलेले असतात म्हणा!

मग मापाचा पंप कसा ओळखायचा? उप्सालातच याचे उत्तर मिळावे हा एक योगच. गावातल्या एका रस्त्यावर एक जुने घर अजून उभे आहे. अंडर्स सेल्सियस तिथे राहत असे. ज्याच्या नावाचे अंश आपण हवामानाच्या बातम्यांत रोज ऐकतो, तो हा सेल्सियस. १७४२ साली त्याने आपली मोजपट्टी मांडली, आणि मांडली ती उलटी : उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर! त्याच्या मृत्यूनंतर लोकांनी ती सुलटी केली. लेकीने ते घर दाखवले तेव्हा मला फार बरे वाटले. एवढ्या मोठ्या माणसाचीही पट्टी आधी उलटी होती, तर मग आपल्यासारख्यांनी काय लाजायचे?

सेल्सियसचे आठवले म्हणून आम्ही तळघरातल्या पाइपांवरचे दोन थर्मामीटर पाहिले, एक जाणाऱ्या पाण्याचा आणि एक येणाऱ्याचा. फरक तीन अंशांच्या आसपास असायला हवा. तो भरला १.६ अंश. पाणी गरजेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने फिरत होते. खडकाशी चार शब्द बोलायलाही त्याला उसंत नव्हती. धावत जायचे आणि धावत यायचे. अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात स्टीफन कॅव्हनॉ नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी अशा पंपांना शाळेतल्यासारखे वर्ग लावून दिले आहेत. यंत्राच्या शंभर टनांमागे, म्हणजे सुमारे साडेतीनशे किलोवॅटमागे, पंपाला पाच अश्वशक्ती किंवा त्याहून कमी लागली तर पहिला वर्ग. पंधराच्या वर गेली तर नापास. आम्ही कागदावर हिशेब केला. आमचा पंप पंधराच्या काठावर उभा होता.

कमिटीने एका मिस्त्रीला बोलावले. साठीतला माणूस, इंग्रजी मोजके आणि बोलणे त्याहून मोजके. त्याने पंपाच्या मोटरला एक ड्राइव्ह जोडला. मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारी ही पेटी आता आपल्याकडच्या कारखान्यांतही सर्रास दिसते. मग त्याने व्हॉल्व्हचे चाक फिरवीत-फिरवीत तो पूर्ण उघडला. तो उघडताना माझ्या छातीवरचे काहीतरी हलके झाले, असे मला वाटले. मग त्याने पंपाचा वेग निम्म्यावर आणला. थर्मामीटरमधला फरक पावणेतीन अंशांवर आला. मिस्त्री समाधानाने हात पुसू लागला.

पण माझे समाधान झाले नाही. पंपाचे एक गणित आहे, आणि ते मला शाळेतल्या पाढ्यांसारखे पाठ. वेग निम्मा केला तर पाणी निम्मे येते, दाब चौथा हिस्सा राहतो आणि वीज लागते ती आठवा हिस्सा. वेगाचा घन! मग वेग तिसऱ्या हिश्शावर आणला तर? तीनाचा घन सत्तावीस. विजेचा सत्ताविसावा हिस्सा! एवढा स्वस्त सौदा दिसत असताना निम्म्यावर थांबणे मला मूर्खपणाचे वाटले. मी मिस्त्रीच्या मागे लागलो. तो म्हणाला, "थंडी वाढेल. नको." मी म्हणालो, "बघू तर खरं." लेक मधे पडली नाही. वडिलांचा मान राखायचा म्हणून म्हणा, किंवा त्यांना अडवून उपयोग नसतो हे माहीत होते म्हणून म्हणा, ती गप्प राहिली. खजिनदारबाईंचे वडील, भारतातले पंपांचे तज्ज्ञ! मिस्त्रीने खांदे उडवले आणि वेग तिसऱ्या हिश्शावर नेला.

त्या रात्री पारा उणे अठरावर उतरला.

अल्कोहोल मिसळलेले पाणी थंडीत काकवीसारखे दाट होऊ लागते. वेग असला की ते नळीत घुसळत, खळाळत जाते आणि नळीच्या भिंतीपासून सगळी ऊब घेते. वेग फार कमी झाला की ते थराथरांनी, झोपेत चालल्यासारखे सरकते. कडेचे पाणी तेवढे ऊब घेते आणि मधले थंडच राहते. यंत्राला मिळणारे पाणी थंड-थंड होत गेले, आतला दाब उतरला आणि मध्यरात्री यंत्राने आपणहून दार लावून घेतले. तेवढ्यासाठीच ठेवलेला तीस किलोवॅटचा विजेचा हीटर सुरू झाला आणि मिस्त्री पहाटे येईपर्यंत सहा तास चालला. तीस गुणिले सहा, एकशे ऐंशी युनिटे. निम्म्या वेगावर जी बचत तीन दिवसांत व्हायची होती, ती माझ्या हव्यासाने एका रात्रीत खाल्ली. त्यातून चोवीस घरांचे सकाळचे पाणी कोमट, आणि खालच्या मजल्यावरच्या ऐंशी वर्षांच्या आजीबाई शाल गुंडाळून जिन्यात उभ्या!

मी त्यांची माफी मागितली. भाषा कळली नाही, पण हात जोडलेले कळले. त्यांनी माझ्या हातावर थोपटले.

घरी आल्यावर लेकीने चहा केला, आले घालून, तिच्या आईसारखा. रागावेल असे वाटले होते. ती रागावली नाही. कप पुढे ठेवून एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही आधी एक नंबर मोठं करता, आणि चूक कळली की एक नंबर लहान. मापाचं असं काही नसतंच का हो तुमच्याकडे?"

मला उत्तर सुचले नाही. जन्मात पहिल्यांदा मी तिला उलट प्रश्न केला नाही, खुलासा दिला नाही, चहा पीत बसलो. आणि काय गंमत! मी गप्प राहिलो तशी तीच बोलू लागली. आधी सोसायटीचे, मग विद्यापीठातले, मग तिच्या आईचे, आणि शेवटी अभियांत्रिकी सोडली त्या वर्षाचे. त्या वर्षी वसतिगृहात ती रात्र-रात्र जागी असे, हे मला तेव्हा कळले. मी फक्त ऐकत होतो. बाहेर दुपारी तीनलाच अंधार पडला; दिवा लावायचे आम्हां दोघांनाही सुचले नाही. धावत गेलेले पाणी जसे खडकाची ऊब न घेताच परत येते, तसा मी इतकी वर्षे तिला फोन करीत होतो.

मिस्त्रीने पंप पुन्हा निम्म्या वेगावर आणून ठेवला. मला त्याने काही ऐकवले नाही. जाताना फक्त थर्मामीटरकडे बोट दाखवले आणि तीन बोटे वर केली. तीन अंश, हिशेब त्याच्याशी, घनाच्या पाढ्याशी नव्हे. मीटरवर आता ०.७ किलोवॅट दिसू लागले. पाढ्याप्रमाणे आणखी थोडे कमी यायला हवे होते, पण मोटर आणि ड्राइव्ह ही दोघेही आपापली दलाली घेतातच. दिवसाला साठ युनिटांची बचत, वर्षाला बावीस हजारांच्या घरात. कॅव्हनॉसाहेबांच्या परीक्षेत पंप पहिल्या वर्गात आला. पुढच्या सभेत कमिटीने खजिनदारबाईंसाठी टाळ्या वाजवल्या म्हणे. त्या रात्रीचा उल्लेख कुणी केला नाही.

मी २०२४ च्या एप्रिलात परत आलो. आल्यावर पहिले काम केले ते मिरजेची गाडी धरली. अण्णा जाऊन बरीच वर्षे झाली होती, हे मला ठाऊक होते. त्यांचा मुलगा आता साठीकडे झुकलेला. मळा तोच बघतो. विहिरीवर बसलो. मी मनात बेत करूनच गेलो होतो. त्याला म्हणालो, "तुमच्या वडिलांचं माझ्याकडं एक देणं आहे. मी त्यांना साडेसातचा पंप दिला होता. लागत होता पाचचा. माझं चुकलं, हे त्यांच्या हयातीत सांगायला हवं होतं."

तो हसायला लागला. म्हणाला, "सायेब, त्यो पंप अण्णांनी तिसऱ्या वर्साला इकला. पाचचा आणून बशिवला, आन् व्हॉल्व सगळा उघडून टाकला."

"मला बोलले नाहीत कधी!"

"म्या इचारलं हुतं त्यास्नी. म्हनलं, सायबाला सांगा की. तर म्हनले, नगं. भला मानूस हाय, त्याला वाईट वाटंल."

वाचकहो, पंप विकल्यानंतरही पुढे वीस-एक वर्षे, दर दिवाळीला, अण्णांकडून नव्या गुळाची एक लहान ढेप आमच्या घरी येत असे. आमच्या हिच्या हातच्या चकल्या आणि करंज्या परत जात. मी ती ढेप चांगल्या पंपाची पावती समजत होतो. ती क्षमेची होती, हे कळायला मला उप्सालाला जाऊन यावे लागले.

या दिवाळीला नातीसाठी फ्रॉक शिवून पाठवायचा आहे. लेकीने फोनवर माप सांगितले. मी लिहून घेतले आणि शिंप्याकडे गेलो. त्याने सवयीने विचारले, "आजोबा, वाढत्या अंगाचा शिवू ना?"

तोंडावर आलेला शब्द मी गिळला आणि म्हणालो, "नको. मापाचा शिवा."